किल्ली आहे, पण ओळख पटत नाही

किल्ली फिरवली की सेल्फ मारतो, इंजिन जोरात फिरते, पण पकडत नाही. मीटरमध्ये गाडी-किल्लीचे किंवा कुलपाचे एक छोटे लाल चित्र लुकलुकत असते. तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. मालक पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहतो आणि बॅटरी उतरते. मग सोसायटीतले चौघे धक्का द्यायला येतात. फाटकापर्यंत ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तरी गाडी ढिम्म. शेवटी टोचन करून गॅरेज गाठले जाते. तिथे पहिला संशय पेट्रोल पंपावर, दुसरा प्लगवर आणि तिसरा थेट ईसीएमवर, म्हणजे इंजिनाच्या संगणकावर. 'ईसीएम गेलाय साहेब' हे वाक्य कानावर पडले की मालकाचा चेहरा उतरतो, कारण त्या वाक्यापुढे येणारा आकडा पाच अंकी असतो.

पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, कोल्हापूरचे उद्यमनगर. जिथे जिथे ऑटो इलेक्ट्रिशियनांची दुकाने एकमेकांना खेटून आहेत, तिथे ही तक्रार नेहमीची. दुकानातला अनुभवी माणूस बॉनेट उघडण्याआधी मालकाला दोन प्रश्न विचारतो. दिवा कसा लुकलुकतो? आणि दुसरी किल्ली आणली आहे का? या दोन प्रश्नांत निम्मे निदान होऊन जाते. जिथे ते विचारले जात नाहीत, तिथे नको ते भाग बदलले जातात.

या लेखाचा मुद्दा सरळ आहे. 'इमोबिलायझर बिघडला' असे ज्या गाड्यांबद्दल म्हटले जाते, त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत तो ठणठणीत असतो. खात्री पटेपर्यंत इंजिन चालू द्यायचे नाही, हे नेमून दिलेले काम तो चोख करत असतो. खात्री पटवणारी साखळी मात्र कुठेतरी तुटलेली असते. ती कुठे तुटली हे क्रमाने शोधणे म्हणजेच दुरुस्ती. हा क्रम मेकॅनिकला जितका माहीत हवा, तितकाच मालकालाही. कारण चुकलेल्या क्रमाचे पैसे मालक मोजतो.

एका सेकंदातली उलटतपासणी

किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात, रिमोटच्या सर्किटपासून वेगळी, सेंटिमीटरभर लांबीची एक काचेची नळी किंवा काळी चपटी वडी असते. तिचे शास्त्रीय नाव ट्रान्सपाँडर. बाजारात नुसते 'चिप'. तिला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे एक कडे बसवलेले असते. किल्ली ऑनवर आली की त्या कड्यातून १२५ किलोहर्ट्झच्या आसपास बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यामुळे चिपमधल्या वेटोळ्यात अगदी थोडी वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर चिप जागी होऊन बोलू लागते. वीज इतकी थोडी असल्यामुळे चिप कड्यापासून काही सेंटिमीटर लांब गेली तरी संवाद तुटतो.

सुरुवातीच्या काळातली चिप आपला ठरलेला क्रमांक सांगून मोकळी होई. तो क्रमांक एकदा वाचला की नक्कल करणे सोपे. पुढच्या पिढीत गाडी चिपला दर वेळी एक नवा, अंदाज न लागणारा आकडा देते. चिप आपल्या पोटातल्या गुप्त संख्येने त्यावर गणित करते आणि उत्तर पाठवते. गडाच्या दरवाज्यावर परवलीचा शब्द विचारावा, तसाच हा प्रकार; फक्त इथे शब्द दर खेपेला बदलतो, आणि पहारेकऱ्याच्या प्रश्नावरून तो जागच्या जागी काढावा लागतो. गुप्त संख्या दोघांनाही ठाऊक असते, पण ती हवेतून कधीच जात नाही.

उत्तर जुळले की इमोबिलायझरचा डबा इंजिनाच्या ईसीएमला परवानगी कळवतो. अलीकडच्या गाड्यांत हा वेगळा डबा नसतो. त्याचे काम बीसीएम (दिवे-दरवाजे सांभाळणारा बॉडी कंट्रोल मॉड्यूल) किंवा मीटरच करते. हा निरोपसुद्धा बहुतेक वेळा सांकेतिक असतो, म्हणजे ईसीएमलाही डब्याची ओळख पटावी लागते. मग इंजेक्टर उघडतात, ठिणगी पडते आणि इंजिन पकडते. हे सगळे सेकंदाच्या आत उरकते.

ओळख पटली नाही तर काय करायचे, हे प्रत्येक कंपनीने आपल्या पद्धतीने ठरवले आहे. काही गाड्यांत सेल्फच लागत नाही. काहींत सेल्फ लागतो, पण इंजेक्टर बंद राहतात. फोक्सवॅगन गटाच्या अनेक गाड्यांत इंजिन चालू होते आणि एक-दोन सेकंदांत बंद पडते. चाकणमध्ये बनलेली पोलो अशी दर वेळी सुरू होऊन लगेच मान टाकत असेल, तर पंपाकडे वळण्याआधी इमोबिलायझरचा दिवा पाहावा. नावेही वेगवेगळी: फोर्डचे 'पॅट्स', ह्युंदाईचे 'स्मार्ट्रा', मारुतीचे 'आयकॅट्स', फियाटचे 'फियाट कोड'. तत्त्व मात्र एकच.

आता धक्का मारून गाडी का चालू होत नाही, हेही कळेल. धक्क्याने इंजिन फिरते, म्हणजे धक्का फक्त सेल्फचे काम करतो. परवानगी त्याला देता येत नाही.

चोरांनी घडवलेले यंत्र

गाडी चोराला चालू करता येऊ नये, ही कल्पना गाडीइतकीच जुनी. अमेरिकेत १९१९ साली दोघा संशोधकांनी एका विजेच्या यंत्रणेचे पेटंट घेतले होते: आतल्या पटलावरची बटने बरोबर जुळली नाहीत तर इंजिनाला ठिणगी मिळत नसे आणि भोंगा वाजे. पण किल्लीतच ओळख दडवण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तो १९८६ मध्ये. जनरल मोटर्सने शेव्हरोले कॉर्व्हेटच्या किल्लीच्या पात्यावर एक छोटा रेझिस्टर बसवला. त्याच्या १५ ठरावीक किमती होत्या. गाडी ती किंमत मोजे आणि जुळली नाही तर काही मिनिटे गप्प बसे. चोराला १५ किल्ल्या घेऊन तिष्ठत बसावे लागावे, हा त्यामागचा हिशेब. हीच यंत्रणा जुनी झाल्यावर मालकांना छळू लागली: पाते झिजले, संपर्क खराब झाला की खऱ्या मालकालाही थांबावे लागे. कुलूप आणि दुरुस्ती यांचे भांडण तिथपासूनचे आहे.

युरोपात नव्वदीच्या दशकात गाडीचोऱ्या इतक्या वाढल्या की १९९५ मध्ये युरोपीय समुदायाने निर्देश काढून इमोबिलायझर बंधनकारक केला आणि १९९८ पासून तो नव्या मोटारींत आला. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये, कॅनडाने २००७ मध्ये तोच रस्ता धरला. परिणाम किती झाला, हे नेदरलँड्समधल्या अर्थशास्त्रज्ञांनी मोजले. १९९५ ते २००८ या काळात या एका यंत्रामुळे गाडीचोरीचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी खाली आले, असा त्यांचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

उलटा पुरावा अमेरिकेने दिला. तिथे असा कायदा नाही. २०१५ सालच्या मॉडेलांपैकी इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर मुळातच बसवलेला होता. ह्युंदाई आणि किया यांच्या मात्र २६ टक्केच गाड्यांत. किल्ली फिरवून चालू होणाऱ्या त्या गाड्या कशा पळवायच्या, याचे व्हिडिओ २०२१-२२ मध्ये समाजमाध्यमांवर पसरले आणि शहरोशहरी पोरेसोरे त्या चोरू लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याने जाहीर केले की सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी कंपन्या नवे सॉफ्टवेअर मोफत देणार आहेत. या चोऱ्यांशी जोडलेले किमान १४ अपघात आणि ८ मृत्यू तोवर नोंदले गेले होते. किल्लीतल्या एका चिपची काटकसर इतकी महाग पडली.

पण चिपही अभेद्य राहिली नाही. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपची ४० बिटांची गुप्त संख्या तासाभराच्या आत शोधून दाखवली. २०१२ मध्ये 'हिटॅग-२' या चिपची पाळी आली. शोधनिबंधाच्या शीर्षकातच ३६० सेकंद हा आकडा होता. 'मेगामोस क्रिप्टो' चिपवरचे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध व्हायचे होते, पण फोक्सवॅगन लंडनच्या उच्च न्यायालयात गेली आणि ते अडले. एक वाक्य गाळून ते २०१५ मध्ये छापले गेले. तोवर चोरांनी वाटच बदलली होती. खिशातल्या स्मार्ट कीचा संदेश दोन पेट्यांमधून लांबवर पोचवून गाडी उघडता येते, हे झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्येच दाखवले होते. पुढे हेडलाइटच्या वायरींतून, गाडीतले सगळे डबे जोडणाऱ्या कॅन जाळ्यात शिरून खोटा निरोप सोडण्यापर्यंत मजल गेली. सराईत चोर कुलपाला वळसा घालतो. कुलपापुढे अडकून बसतो तो प्रामाणिक मालक. म्हणून निदानाची कला मालकाच्या बाजूने महत्त्वाची.

आधी दिवा, मग किल्ली, मग मीटर

पहिली पायरी बॅटरी. स्वस्थ उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. सेल्फ मारताना हा आकडा साधारण साडेनऊच्या खाली घसरू लागला, तर इतर काही तपासण्यात अर्थ नाही. चिपशी संवाद आणि सेल्फची ओढ एकाच क्षणी चालतात. व्होल्टेज कोसळले की डबा मध्येच भान हरपतो, दिवा लुकलुकू लागतो आणि सगळे किल्लीला दोष देतात. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि बॉडीला जोडलेली सैल अर्थची वायर याच खात्यात येतात.

दुसरी पायरी दिवा. बहुतेक गाड्यांत किल्ली ऑन केल्यावर सुरक्षेचा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझतो. विझला म्हणजे ओळख पटली. आता पंप, क्रँक सेन्सर, इंजेक्टर यांच्याकडे वळावे. भरभर लुकलुकत राहिला किंवा पेटूनच राहिला, तर साखळी तुटली आहे. गाडी कुलूपबंद उभी असताना काही सेकंदांनी एकदा होणारी लुकलुक ही चोराला दाखवण्यापुरती असते, तिचा बिघाडाशी संबंध नाही. नेमका अर्थ मॉडेलगणिक बदलतो, तो गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकसकट पडून असते. जुन्या फोर्ड गाड्यांत तर हा दिवा पुढे जाऊन स्वतःच निदान सांगतो: मिनिटभर भरभर लुकलुकून झाल्यावर तो मोजून लुकलुकतो आणि त्यातून दोन अंकी कोड मिळतो. १३ म्हणजे चिपकडून काहीच ऐकू आले नाही. १५ म्हणजे ऐकू आले, पण ही किल्ली या गाडीत नोंदवलेली नाही. पहिल्यात चिप किंवा कडे संशयित, दुसऱ्यात नोंदणी.

तिसरी पायरी दुसरी किल्ली. याहून स्वस्त निदानयंत्र बाजारात नाही. दुसऱ्या किल्लीने गाडी चालू झाली तर दोष पहिल्या किल्लीत. कडे, डबा, वायरिंग, ईसीएम सगळे एका झटक्यात निर्दोष सुटतात. दोन्ही किल्ल्यांनी झाली नाही तर दोष बहुधा गाडीच्या बाजूला. जुडग्यात दुसऱ्या गाडीची किल्ली असेल तर ती आधी काढावी. दोन चिपा एकदम बोलू लागल्या की कड्याला एकही नीट ऐकू येत नाही.

मग स्कॅनर. पी ०५१३ हा कोड चुकीच्या किल्लीचा, पी ०६३३ म्हणजे किल्ली ईसीएममध्ये नोंदवलेली नाही, यू ०१६७ म्हणजे इमोबिलायझरच्या डब्याशी बोलणेच तुटले. कोडपेक्षा चालू माहिती अधिक बोलकी: किल्ली ओळखली का, किती किल्ल्या नोंदवल्या आहेत, सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे दिसतात का. इंजिन फिरत असताना स्कॅनरवर फेरे शून्य दिसले, तर गुन्हेगार क्रँक सेन्सर असू शकतो, आणि बिचारा इमोबिलायझर उगाच बदनाम होतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. बीसीएमपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. त्यामुळे 'मोबाइलवर एकही कोड दिसत नाही' याचा अर्थ सगळे ठीक आहे, असा घेऊ नये.

किल्लीच्या पोटातले दुखणे

ग्राहकाचा ठरलेला युक्तिवाद असतो: 'अहो, किल्ली चांगली आहे, लॉक-अनलॉक होतंय की!' दरवाजा उघडणारे रिमोट आणि इंजिनाला परवानगी देणारी चिप ही पुष्कळ किल्ल्यांत दोन वेगळी माणसे आहेत. रिमोट बॅटरीवर चालतो, भारतात सहसा ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि पंधरा-वीस पावलांवरून ऐकू येतो. चिप बॅटरीशिवाय, कड्याला चिकटून बोलते. एक धडधाकट असताना दुसरे मेलेले असू शकते.

सगळ्यात हास्यास्पद आणि तितकाच नेहमीचा घोटाळा शेल बदलण्याचा. किल्लीचे प्लास्टिक फुटते, बटनांचे रबर फाटते. मालक बाजारातून घडीची नवी शेल आणतो, पाते कापून घेतो, रिमोटचे सर्किट त्यात बसवतो आणि जुने प्लास्टिक कचऱ्यात टाकतो. काळी चिप त्या जुन्या प्लास्टिकच्या खोबणीत चिकटलेली असते. दरवाजा उघडतो, सेल्फ लागतो, गाडी घेत नाही. ईसीएमपर्यंत पोचलेल्या किती तरी निदानांचे उत्तर असे कचऱ्याच्या डब्यात असते. काचेची चिप किल्ली फरशीवर आपटल्याने तडकते आणि वरून काही दिसत नाही. चिपला फील्ड देऊन ती वाचणारा हातातला छोटा टेस्टर किल्लीवाल्यांकडे असतो; मिनिटभरात खरे-खोटे कळते.

बटनाने चालू होणाऱ्या गाडीत प्रश्न वेगळा. तिथे स्मार्ट कीमधली नाण्याएवढी बॅटरी, बहुतेक वेळा सीआर २०३२, अशक्त झाली की गाडी 'किल्ली सापडत नाही' म्हणते. अशा वेळी किल्ली थेट स्टार्ट बटनाला टेकवून ब्रेक दाबावा. अनेक मॉडेलांत बटनामागे कडे असते आणि चिप बॅटरीविना ओळखली जाते. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी खाच असते. किल्ली मोबाइलला चिकटून किंवा वायरलेस चार्जरवर ठेवली असेल तरी संदेश बुजतो.

कडे, कपलर आणि पावसाचे पाणी

दोन्ही किल्ल्या निर्दोष ठरल्या की गाडीच्या बाजूला यायचे. स्टीअरिंगखालचे प्लास्टिक उघडले की कुलपाभोवतीचे कडे दिसते. त्याचा कपलर काढून दोन टोकांत मीटर लावला की थोड्या ओहमांचा रोध दिसावा. काहीच दिसले नाही तर तार तुटली. कपलर नुसता सैल असणे त्याहून जास्त वेळा आढळते. त्याचा इतिहास विचारला की कळते: नुकतीच म्युझिक सिस्टीम बसवली, कुलूप दुरुस्त केले किंवा हॉर्नचे काम झाले.

बाहेरून बसवलेल्या वस्तू हा दुसरा मोठा संशयित. सेंट्रल लॉकिंग, रिमोट स्टार्ट, जीपीएस ट्रॅकर यांच्यासोबत बरेचदा इग्निशनची किंवा पंपाची वायर कापून मध्ये एक रिले घातलेला असतो. त्या रिलेचा सांधा ढिला झाला की गाडी इमोबिलायझरसारखीच वागते, पण दिवा मात्र शिस्तीत विझतो. दिवा विझूनही पंपाचा आवाज येत नसेल तर डॅशबोर्डखाली चिकटपट्टी गुंडाळलेल्या अनोळखी वायरी शोधाव्यात. काही रिमोट स्टार्ट यंत्रांत गाडीची दुसरी चिपच डॅशबोर्डखाली कड्याजवळ लपवलेली असते. म्हणजे साधे कापलेले पाते किंवा पेचकस मिळाला तरी गाडी चालू. सोय म्हणून पैसे देऊन सुरक्षा काढून टाकण्याचा हा प्रकार.

महाराष्ट्रात तिसरा संशयित पाऊस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि मुंबईत तळमजल्यांवरच्या गाड्या पाण्याखाली गेल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूणने तेच पाहिले. अनेक मॉडेलांत बीसीएम आणि फ्यूजचा डबा चालकाच्या पायांजवळ असतो. पाणी गालिच्यापर्यंत आले तरी तिथे पोचते. गाडी वाळते, चालू होते, मालक सुटकेचा निःश्वास टाकतो. कपलरच्या पिनांवर हिरवा थर मात्र हळूहळू चढत राहतो आणि काही महिन्यांनी कोरड्या दिवशी दिवा लुकलुकू लागतो. पुरातली जुनी गाडी घेताना हे लक्षात ठेवावे. वायरी कुरतडणारे उंदीर तर बारमाही आहेतच.

डबे जोडणाऱ्या कॅन जाळ्याची वायर तुटली आहे का, हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. बॅटरी सोडवून, स्कॅनर जोडायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांत मीटर लावावा. कॅन जाळ्याच्या दोन टोकांना १२० ओहमांचे दोन रेझिस्टर असतात, त्यामुळे मिळून ६० ओहम दिसतात. १२० दिसले तर एक टोक तुटले. शून्याजवळ आले तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना टेकल्या. काही गाड्यांत मधला गेटवे सॉकेट आणि जाळे यांच्यामध्ये येतो, तिथे ही चाचणी थेट जाळ्यावर करावी लागते.

शेवटी ईसीएम, आणि पिन

एवढे सगळे झाल्यावरच ईसीएमकडे बोट दाखवावे. खरोखर बिघडलेला ईसीएम बदलला तरी गाडी लगेच चालू होत नाही, कारण नव्या ईसीएमला जुना डबा अनोळखी असतो. भंगारातून आणलेल्या ईसीएमच्या पोटात तर दुसऱ्याच गाडीची ओळख असते. म्हणून भंगार बाजारात 'सेट' विकला जातो: एकाच गाडीचे ईसीएम, इमोबिलायझरचा डबा आणि किल्लीची चिप. तिघे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे गाडी चालते. जुगाड वाटला तरी तर्क पक्का आहे.

रीतसर मार्ग म्हणजे नोंदणी. त्यासाठी स्कॅनर आणि पिन, म्हणजे गाडीचा गुप्त क्रमांक, लागतो. ह्युंदाईत तो सहा आकडी. चुकीचे आकडे थोड्याच वेळा स्वीकारले जातात, नंतर यंत्रणा काही काळ दार लावून घेते. अंदाजाने आकडे मारणाऱ्या मेकॅनिकपासून किल्ली काढून घ्यावी. पिन चासी क्रमांकावरून कंपनीच्या नोंदींतून मिळतो. तो मिळत नसेल तर कारागीर डबा उघडतो आणि आतल्या आठ पायांच्या मेमरी चिपला चिमटा लावून त्यातली माहिती वाचतो. या कामाचा एकच नियम: काहीही बदलण्याआधी मूळ माहिती दोनदा वाचायची, दोन्ही प्रती जुळवायच्या आणि जपून ठेवायच्या. एक अक्षर चुकले तरी चालू स्थितीतला ईसीएम निकामी होतो, आणि मूळ प्रत नसेल तर परतीची वाट उरत नाही.

याच टेबलावर 'इमो ऑफ' नावाचा सौदाही होतो: ईसीएमच्या सॉफ्टवेअरमध्ये असा बदल की तो ओळख विचारणेच सोडून देतो. स्वस्त, झटपट, आणि गाडी कायमची उघडी. डबा नादुरुस्त, कंपनी बाजारातून गेलेली आणि सुटा भाग मिळत नाही, अशा गाडीसाठी तो शेवटचा उपाय ठरू शकतो. एका किल्लीचे पैसे वाचवण्यासाठी तो करणे शहाणपणाचे नाही. केलाच तर बिलावर स्पष्ट लिहून घ्यावे.

कुलूप मालकाचे, गुपित कुणाचे?

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाट पालिओसोबत एक कोड कार्ड मिळत असे. चिप ओळखली गेली नाही तर त्यावरचा पाच आकडी क्रमांक अॅक्सिलरेटर दाबून, मीटरमधल्या दिव्याची लुकलुक मोजत, एकेक आकडा करून गाडीला सांगायचा आणि गाडी चालू करायची. पद्धत कटकटीची, पण आणीबाणीचा उपाय मालकाच्या पाकिटात होता. पुढे हे कार्ड बहुतेकांनी बंद केले. आज गुप्त क्रमांक कंपनीच्या नोंदींत असतो आणि मालक त्यासाठी रांगेत.

कंपनी देश सोडून गेली की हा प्रश्न टोकदार होतो. तळेगावला शेव्हरोले बीट बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली; फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यांच्या गाड्या रस्त्यावर आहेत, मालक हप्ते भरून मोकळे झाले आहेत, आणि किल्ली हरवली तर पायपीट ठरलेली.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच दुखण्यावर: सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे. पुढे अपिले झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात वाहनेही आहेत. पण सुरक्षेचे कोड सरसकट वाटले तर ते चोराच्याही हाती पडणार, हा कंपन्यांचा आक्षेप खोटा नाही. किल्ली नोंदवणारी यंत्रे ऑनलाइन मिळतात आणि त्यांचा गैरवापरही होतो.

दोन्ही बाजू सांभाळणारी वाट इतरांनी शोधली आहे. अमेरिकेत 'नॅस्टफ' ही संस्था पार्श्वभूमी तपासून किल्लीवाल्यांची नोंदणी करते. नोंदणी असलेल्यालाच कोड मिळतो आणि गाडी कुणाची होती, काम कुणी सांगितले याचा कागद राहतो. युरोपीय संघाने 'सर्मी' नावाची तशीच मान्यतापद्धती आणली आहे. आपल्याकडे अशी व्यवस्था उभी करायला अडचण नसावी. गाड्या आणि त्यांची सुरक्षा साधने तपासणारी एआरएआय पुण्यातच आहे. तिने मान्य केलेले चोरीविरोधी साधन गाडीत असेल तर स्वतःच्या नुकसानीच्या विमा हप्त्यात अडीच टक्के, कमाल ५०० रुपये सवलत, असा नियम मोटार विम्याच्या दरपत्रकात जुना आहे. साधनाला मान्यता देता येते, तर ते दुरुस्त करणाऱ्या हातालाही देता यावी. नाना पेठेतला नोंदणीकृत किल्लीवाला आरसी आणि ओळखपत्र पाहून, वहीत नोंद करून पिन मिळवू शकला, तर चोराचे काही वाढणार नाही आणि मालकाचे पुष्कळ वाचेल.

तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. दुसरी किल्ली शोधून काढा आणि महिन्यातून एकदा तिने गाडी चालू करा. नवी गाडी घेताना किल्लीसोबत मिळालेली क्रमांकाची पट्टी जुडग्यात अडकवू नका, घरी कागदपत्रांत ठेवा. जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागा, आणि एकच मिळाली तर किमतीतून तेवढे वजा करा. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. शेल बदलताना जुने प्लास्टिक आधी तपासा, मग फेका. स्मार्ट कीची बॅटरी बंद पडण्याची वाट न पाहता बदला. आणि कुणी ईसीएम बदलायला सांगितला, तर होकार देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा: सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्टेज किती होते, दिवा कसा लागत होता, आणि दुसऱ्या किल्लीने काय झाले. ज्या गॅरेजकडे ही तीन उत्तरे नाहीत, त्याला ईसीएमचे पैसे देऊ नका.